बाहीत उतरणारं तेल

एकोणीस वर्षं मी एकच वस्तू करतेय. बसच्या इंजिनाला खालच्या अंगानं एक धातूचा पेला आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. त्या पेल्यात कागदाचा ऑइल फिल्टर असतो. पेला, त्याचे आटे, त्याचं रबराचं कडं, हे सगळं मिळून हाउसिंग. ते मी काढते, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर. कुणी विचारलं काय करता, तर पूर्वी हौसेनं सगळं समजावून सांगायचे. आता नुसतं इंजिनिअर आहे म्हणते आणि विषय मिटवते. लोकांनाही बरं वाटतं.

हा पेला पास झाला तेव्हा मी तिथेच उभी होते. इंजिन स्टँडवर, कमरेच्या उंचीला, कोरं करकरीत, आत तेलाचा थेंब नाही. आमच्यातल्या एकानं परीटघडीचा कोट घालून पेला सोडवला, फिल्टर बदलला, पेला परत बसवला. दीड मिनिट. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अहवालात लिहिलं, देखभालीस सोपे. ते शब्द माझ्या हातचे आहेत. खरं काम बसखालच्या खड्ड्यात उभं राहून, हात डोक्यावर धरून, नुकत्याच फेरीवरून आलेल्या गरम गाडीवर करायचं असतं, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या पडद्यावर पेला दिसतो, आटे दिसतात. तेल दिसत नाही.

माझा मोठा भाऊ बस डेपोत मेकॅनिक. सत्तावीस वर्षं त्याच खड्ड्यात. इंजिन म्हणजे दादाचा जीव की प्राण. लहानपणी मला तो सायकलची चेन, पंख्याची मोटर, जे हाताला लागेल ते खोलून दाखवायचा आणि परत जोडायला लावायचा. जोडता आलं नाही तर जेवायला मिळायचं नाही, अशी धमकी असायची, आणि पानावर मात्र तोच मला आधी बसवायचा. मी इंजिनिअर झाले ती त्याच्यामुळे. कॉलेजनं नंतर फक्त कागद दिला.

वहिनीचा फोन आला तो मीटिंगमध्ये. वहिनी उगाच फोन करणारी नाही, म्हणून मी बाहेर येऊन घेतला. म्हणाली, ह्यांच्या हातांचं काही खरं नाही. कोपरापर्यंत कातडी फुटली आहे, खाजवून खाजवून रक्त येतं, उशीच्या अभ्र्याला डाग पडतात. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, काळं तेल हाताला लागणं बंद झाल्याशिवाय हे बरं होणार नाही. महिन्याभरानं डेपोच्या डॉक्टरची तपासणी आहे. त्यात हात असेच दिसले तर त्यांना इंजिनावरून काढून गेटच्या केबिनमध्ये बसवणार, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. मग म्हणाली, "तिथं बसवलं ना, तर हा माणूस वर्षभरात खंगून जाईल. मी ओळखते त्यांना."

रविवारी गेले. दादा चमच्यानं जेवत होता. जन्मात चमचा न धरलेला माणूस, भात अर्धा ताटात आणि अर्धा मांडीवर. मी बघतेय म्हटल्यावर त्यानं बाह्या खाली ओढल्या. मी म्हटलं, मेकॅनिकच्या हाताला तेल लागणारच, पण बाकीच्यांचे हात तर धड आहेत, मग तुझेच असे का. त्यानं आमटीत मीठ कमी आहे म्हणून विषय बदलला. तेव्हा वहिनीच म्हणाली की ते लोंबत्या पेल्याचं इंजिन आलं तेव्हापासून हे सुरू झालं. पेला सुटला की दीड लिटर तेल सरळ मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून बाहीत, काखेपर्यंत. हातमोजे घातले तर तेल मोज्यात साठतं, ते आणखी वाईट.

लोंबत्या पेल्याचं इंजिन एकच आहे.

दादाला विचारलं, "तो पेला माझा आहे हे माहीत होतं ना तुला?"

"होतं की."

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. खरोखरच मी कधी विचारलं नव्हतं. दादा कसा आहेस, तब्येत कशी, वहिनी कशी, हे सगळं विचारलं होतं. माझी वस्तू ज्याच्या हातात रोज जाते तो माणूस माझ्या सख्ख्या नात्यातला, आणि ती वापरायला कशी आहे हे मी जगभरच्या गिऱ्हाइकांना प्रश्नावली पाठवून विचारत होते. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. घरी येताना उगाच रिक्षावाल्याशी भांडले.

सोमवारपासून कामाला लागले. उपाय काही आभाळातून आणायचा नव्हता. पेल्याच्या बुडाला एक स्क्रू, त्याला नळी लावता येईल असं तोंड. वर हवा शिरायला एक बारीक स्क्रू. आधी वरचा सैल करायचा, मग खालचा, तेल नळीतून गपगुमान डब्यात. पेला रिकामा झाला की मगच सोडवायचा. एवढं साधं काम, ते एकोणीस वर्षांत सुचलं नाही. खरं म्हणजे पहिल्याच वर्षी सुचलं होतं आणि मीच खोडलं होतं, कारण जितकी भोकं जास्त तितकी गळतीची भीती जास्त.

ऑफिसात आमचे साहेबही नेमकं तेच म्हणाले. साहेब वाईट माणूस नाही, फक्त दमलेला आहे, आणि दमलेल्या माणसाला नवं भोक नको असतं. मी दोन आठवडे त्यांच्या डोक्याशी कटकट केली. गळतीच्या चाचण्या केल्या, पुन्हा केल्या, माझे स्वतःचे डोळे सुजले. शेवटी ते म्हणाले, बरं बाई, तीन पेले करून घे, एका डेपोत लावून बघ, आणि मला सोड. मी म्हटलं, डेपो मी सांगते तो.

डेपोत गेले त्या दिवशी दादा रजेवर होता, दवाखान्यात. बरंच झालं. मी खड्ड्यात उतरले आणि म्हटलं, नवा लावायच्या आधी जुना मी सोडवते. खड्ड्यातले दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसले. त्यांच्यातला टायरवाला म्हणाला, मॅडम, बाही दुमडू नका, काही उपयोग होत नाही. गाडी नुकतीच आली होती. मी पाना लावला, पेला फिरवला. शेवटच्या आट्यापर्यंत काहीच झालं नाही. मग ते आलं. चांगलंच गरम. मनगट, कोपर, काख, कुशीवरून कमरेपर्यंत. हात सोडला तर पेला तोंडावर पडणार, धरला तर तेल अंगावर. धरून उभी राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मी तशीच घडवून ठेवली होती ती वस्तू.

टायरवाल्यानं चिंध्या दिल्या. चांगला माणूस, पण तोंडाचा फटकळ. म्हणाला, सुरुवातीला आम्ही सगळे आळीपाळीनं करायचो हे, आणि ज्यानं हे बनवलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. रोज. इथं शिव्यांची पैज लागायची. मग एक दिवस तुमचे दादा म्हणाले की फिल्टर यापुढं मी एकटा करीन, तुम्ही कुणी हात लावायचा नाही. आम्हाला काय, आम्ही सुटलो. वाटलं, म्हाताऱ्याला खाज आहे.

मी विचारलं, किती वर्षं झाली.

"अकरा. आज तुमचं आडनाव कळलं तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या बहिणीला शिव्या पडतात त्या ऐकवेनात त्यांना. म्हणून डेपोतले सगळे फिल्टर स्वतःच्या अंगावर घेतले."

मी तिथंच खड्ड्याच्या पायरीवर बसले आणि रडले. तीन परक्या पुरुषांसमोर, तेलानं माखलेली, नाक पुसायला स्वच्छ बोट नाही. ते बिचारे दुसरीकडे बघत राहिले. मग उठून नवा पेला लावला, इंजिन चालवलं, गरम केलं, बंद केलं. वरचा स्क्रू, खालचा स्क्रू, नळी. चार मिनिटांत डबा भरला. पेला सुटला तेव्हा टायरवाल्यानं त्याच्या खाली स्वतःचा पांढरा रुमाल धरला होता. रुमालावर दोन थेंब पडले. तो म्हणाला, हे आधी का नाही केलंत. मी म्हटलं, अक्कल नव्हती.

तपासणीला आठ दिवस राहिले होते. हात इतक्यात बरे होणार नाहीत हे दिसतच होतं. मी डेपोच्या डॉक्टरांना जाऊन भेटले. त्यांनी फॉर्म दाखवला. त्यात एक रकाना होता, दुखण्याचं कारण, तो कर्मचाऱ्यानं स्वतः भरायचा. कारण यंत्रात असेल आणि यंत्रात सुधारणा झाली असेल, तर माणसाला सहा महिने इंजिनावरच ठेवून परत तपासता येतं. कारण माणसाच्या वागण्यात असेल, तर सरळ गेट. डॉक्टर म्हणाले, यंत्राचा दोष आहे असं बनवणाऱ्यांकडून लेखी आणा, मी सहा महिने देतो.

लेखी म्हटल्यावर साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, नवा पेला घे, मी सही करतो, सगळ्या गाड्यांना लाव. पण जुना चुकीचा होता असं कागदावर येऊ देऊ नकोस. उद्या तो कागद फिरला की वरचे लोक विचारतील चूक कुणाची, आणि मी तुला वाचवू शकणार नाही. ते खोटं बोलत नव्हते. मी रात्रभर विचारबिचार काही केला नाही. दुपारीच लिहिलं. आरेखन माझे, दोष माझा, हातमोज्यांनी तो टळत नाही, आता सुधारला आहे. खाली सही केली, पाकीट वहिनीसमोर दादाच्या हातात दिलं. म्हटलं, फॉर्म भरताना हे डॉक्टरांना दे. त्यानं विचारलं, तुझ्या नोकरीला काही होणार नाही ना. मी म्हटलं, छे. माझा चेहरा खोटं बोलायला मेला कधी शिकलाच नाही. दादानं पाकीट खिशात ठेवलं आणि चहा पिऊन जा म्हणाला.

तपासणीनंतर तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. फक्त एवढंच बोलली, "गेटवर बसवलं."

मी तशीच निघाले. डोकं तापलं होतं. डॉक्टरला काय काय बोलायचं ते वाटेत पाठ करत होते. डॉक्टरांनी शांतपणे फाइल काढून समोर ठेवली. पाकीट नाही, पत्र नाही. कारणाच्या रकान्यात दादाचं वळण नसलेलं अक्षर, फुटलेल्या बोटांनी लिहिलेलं, वेडंवाकडं. स्वतःचा निष्काळजीपणा. सांगूनही हातमोजे घातले नाहीत. खाली सही. डॉक्टर म्हणाले, मी त्यांना दोनदा विचारलं बाई, हेच लिहायचंय का. माझ्याकडे पत्राची नक्कल होती, ती पुढं केली. ते म्हणाले, कर्मचाऱ्यानं स्वतः सही केल्यावर मी काही करू शकत नाही.

केबिन गेटला लागून होती. एक टेबल, एक खुर्ची, एक स्टूल, खिडकी. दादा दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या बांधून रजिस्टर लिहीत होता. पेन मुठीत धरलं होतं. मला बघून म्हणाला, ये, बस. मी बसले नाही. मी त्याला खूप बोलले. मूर्ख म्हटलं, हट्टी म्हटलं, माझ्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं म्हणून विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"नवा पेला सगळ्या गाड्यांना लागणार का?" त्यानं विचारलं.

"लागणार. साहेबांनी सही केली."

"मग तू तिथं असायला पाहिजेस. नाहीतर गळतीच्या भीतीनं मागं ते लोक स्क्रू काढून टाकतील. तू असलीस तर टाकणार नाहीत."

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि स्टुलावर बसले. रजिस्टरात चार रकाने होते, गाडीचा नंबर, वेळ, ड्रायव्हर, आत की बाहेर. एक गाडी आली. मी नंबर लिहिला, वेळ लिहिली. दुसरी आली. दादा खिडकीकडे पाठ करून बसला होता. तिसरी गाडी गेटमधून वळली तशी त्यानं मान तिरकी करून इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला.

"हिचा एक इंजेक्टर मारतोय," तो म्हणाला. "पुढचा. आठवड्यात बंद पडेल रस्त्यात. लिही."

मी पेन टेकवलं. चारही रकान्यांवरून बोट फिरवलं. कुठे लिहू, म्हणून त्याच्याकडे बघितलं.

दादानं रजिस्टरात डोकावून चारही रकाने वाचले.

"राहू दे," तो म्हणाला. "नंबर लिही."