वाजतंय की!

"अहो काका, बंद करा ते! कान फाटायची वेळ आली!"

फिटरने मान वर केली. फिरायला आलेला एक गृहस्थ दोन्ही कानांवर हात ठेवून समोर उभा होता. त्याचं कुत्रं यंत्राकडे तोंड करून भुंकत होतं.

"काय बंद करू? अजून चालूच होत नाहीये," फिटर म्हणाला.

"चालू होत नाहीये? अख्ख्या किनाऱ्यावर बोंब मारतंय ते!"

फिटरने हातातल्या दांड्याकडे पाहिलं. खाली ताटाएवढी चकती, वर डबी, डबीवर दोन बटणं. एक बटण त्याने शेवटपर्यंत पिळलं होतं. तरी त्याला ऐकू येत होती ती कुठेतरी लांब डास असावा एवढीच गुणगुण. त्याने बटण मागे फिरवलं. गृहस्थाचे हात कानांवरून खाली आले. फिटरने दांडा सुटा करून पिशवीत घातला आणि घर गाठलं.

कापडाच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या खात्यात आवाजाने कुणालाच काही ऐकू येत नसे, सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. ती सवय बाहेरही कामाला आली. निवृत्त झाल्यावर त्याने घरातले सगळे चांगले नळ खोलून पुन्हा बसवले. ते दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा बायकोने लेकीला फोन केला, आणि लेकीने हे जमिनीतले धातू शोधायचं यंत्र पाठवलं. "साधी यंत्रं ओल्या खाऱ्या वाळूत उगाच किंचाळतात, हे पल्स इंडक्शनचं आहे," असं लेकीने फोनवर सांगितलं. "पाण्याच्या काठालाही चालतं, खोलवरचंही पकडतं. फक्त लोखंड आणि सोनं यातला फरक याला कळत नाही. वाजलं की खणायचं." हे बायकोने ऐकलं आणि मग त्याला सांगितलं. फोनला नीट रेंज नसते, असं त्याचं कायमचं म्हणणं होतं.

"बिघडलेलं दिसतंय," घरी येऊन त्याने पिशवी स्वयंपाकघराच्या दारात टेकवली. "परत पाठवू."

"बघू तरी." बायकोने हात पुसले. दांडा जोडला, पिशवीतले हेडफोन कानाला लावले आणि बटण दाबलं. लगेच दचकून तिने ते कानांपासून लांब धरले. "अगं बाई! वाजतंय की! डब्यांकडे नेलं तर केकाटतंय नुसतं. तुमच्या लेकीला सांगा, खजिना घरातच सापडला."

ती हसत होती. तो हसला नाही. तिने हेडफोन ओट्यावर ठेवले.

"मला नाही ऐकू आलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"इतकी वर्षं काही सांगायचं झालं की हातातलं टाकून तुमच्या पुढ्यात येऊन उभी राहते मी. ते काय हौस म्हणून?"

फिटर खुर्चीवर बसला. बायको काम सोडून समोर येते, कमरेवर हात ठेवते आणि मग बोलते, हे त्याने रोज पाहिलं होतं. तो तिचा स्वभाव आहे, असं त्याने गृहीत धरलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणत होतात ना, रेंज नाही." तिने गॅस बंद केला. "डॉक्टरकडे जाऊ. पण आधी उद्या किनाऱ्यावर जाऊ. एवढं पाठवलंय पोरीने."

दुसऱ्या दिवशी भरती उतरल्यावर दोघं पाण्याच्या काठाने चालू लागली. दांडा त्याच्या हातात, हेडफोन तिच्या कानांवर, आणि मधे वायर. वायर आखूड होती, त्यामुळे तिला त्याच्या खांद्याला लागूनच चालावं लागत होतं. तिने बांगड्या घरी काढून ठेवल्या होत्या. त्याने चकती हवेत धरली आणि बटण हळूहळू फिरवलं.

"आवाज आला की सांग. अगदी बारीक हवा, जेमतेम ऐकू येईल असा. त्यात फरक पडला की खाली काहीतरी आहे."

"बस. आता बस."

तो चकती वाळूला समांतर धरून सावकाश फिरवू लागला. तो भरभर पुढे निघाला की ती ओरडायची, "पळताय कुठे? मागची अर्धी जागा राहिली!" मग तिला सुचलं की बोलायची गरजच नाही. तिने त्याच्या पाठीवर तळवा टेकवला. आवाज वाढला की ती दाबायची, तो थांबायचा.

पहिल्या खड्ड्यातून बाटलीचं झाकण निघालं, दुसऱ्यातून खिळा आणि तिसऱ्यातूनही खिळाच. चौथा खड्डा खणता खणता पाण्याने भरत होता. त्याने जाळीच्या फावड्याने वाळू उपसली, धुतली, आणि काळवंडलेली बिजागरी वर आली.

"घ्या, सोनं," ती म्हणाली.

त्याने बिजागरीची पिन अंगठ्याने दाबून पाहिली. "पितळी आहे. तेल दिलं की चालेल."

"आपल्याकडे दार कुठंय हिच्या मापाचं?"

"नसलं तर नसलं." त्याने ती खिशात टाकली.

थकून दोघं कोरड्या वाळूवर बसली. तिने हेडफोन काढून मांडीवर घेतले. पाण्याच्या कडेला करड्या रंगाचे चिमुकले पक्षी लाटेमागे धावत होते आणि लाट आली की उलट पळत होते.

"गुणी आहेत बघ," फिटर म्हणाला. "एवढे जण, पण एकाचाही आवाज नाही."

ती त्याच्याकडे वळली.

"ओरडतायत," ती म्हणाली. "मघापासून."

त्याने पुन्हा पक्ष्यांकडे पाहिलं. आता त्याला उघडमीट करणाऱ्या चोची दिसल्या.

"कसे?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याचा हात ओढून तळवा उताणा केला आणि त्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. दोन ठोके लांब, मग चारपाच भरभर, मग पुन्हा लांब. मधेच ती थांबायची, कान द्यायची आणि पुन्हा वाजवायची.

एक मोठी लाट आली आणि थवा उडाला. तिची बोटं थांबली. त्याने हात तसाच उघडा ठेवला.