कोपऱ्यातलं बटण

घरात कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळे सुनेला हाक मारत. ऑफिसातली सगळी मशिनं तिच्या ताब्यात, तिथे कोणी तिचा शब्द खाली पडू देत नसे. घरच्या मशीनवर सासरे पुस्तकं ऐकत. नजर गेल्यापासून तेवढाच त्यांना विरंगुळा. मशीन त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवी.

सुट्टीच्या दिवशी तिने त्यावर ऑफिसचा एक बोलका शब्दकोश टाकायला घेतला. मशीन अडून बसलं: या नावाची फाइल इथे आधीच आहे, ती वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामची आहे, तिच्यावर दुसरी टाकता येणार नाही. ऑफिसात कोणी अशा वेळी जबरदस्ती केली असती, तर सूनबाईंनी त्याची चांगली हजेरी घेतली असती. इथे मात्र त्यांनी स्वतःच जबरदस्ती केली. शब्दकोश काही पसंत पडला नाही, म्हणून थोड्या वेळाने काढूनही टाकला. पण फाइल आता शब्दकोशाच्या नावावर लागली होती. जाताना तो ती घेऊन गेला.

संध्याकाळी मशीन मुकं. सासरे चाचपडत एकेक बटण दाबत राहिले. शेवटी म्हणाले, "माझ्याच हातून बिघडलं बघ. राहू दे आता. तुला उगाच व्याप."

काय झालं ते तिने ओळखलं. तिने वाचणारा प्रोग्राम नव्याने टाकला आणि आवाज परत आला. सासरे खूश झाले. कोणतं बटण चुकलं तेवढं सांग, म्हणाले, म्हणजे पुन्हा हात लावणार नाही. खरं सांगायची हीच वेळ होती. पण घरात अब्रू घालवायची तिची तयारी नव्हती. तिने तोंडाला येईल ते सांगितलं: डावीकडचं, कोपऱ्यातलं. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावून घेतली.

नुकतंच वाचलेलं वाक्य पुन्हा ऐकायचं ते बटण होतं, हे तिला नंतर कळलं.

काल ती कपड्यांच्या घड्या घालत शेजारीच बसली होती. सासऱ्यांचं एक वाक्य ऐकायचं राहून गेलं. बोट पट्टीपर्यंत गेलं आणि मागे आलं. त्यांनी पान पहिल्यापासून लावलं. तेच वाक्य पुन्हा निसटलं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने उठून ती पट्टी नखाने सोलून काढली.

"बाबा, या बटणाचा काही दोष नव्हता."

"मग माझाच का?"

"नाही. माझा."

त्यांनी बोटाने बटण शोधलं आणि राहिलेलं वाक्य ऐकून घेतलं.