भिंतीवरची काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे, भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. मी जरा मिरवणारी आहे, ते आधीच सांगून टाकते. बाभळीच्या एकाच खोडातून मला कोरलं. अंगात ना खिळा, ना सांधा. लोह्याजवळच्या माळेगावच्या जत्रेत केरबा सुतारानं मला विकायला मांडलं होतं. नुकतंच लग्न झालेल्या पंचफुलानं मला उचललं, बोटांनी वाजवून पाहिलं आणि घरी नेलं. तिच्या भाकरीला कधी चीर पडायची नाही. त्यात निम्मा वाटा माझा आहे, असं मी म्हणते. ती काही म्हणत नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. पंचफुला आणि तिचा नवरा निवृत्ती दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि त्या मजुरीतून रेशनची तांबडी ज्वारी आणायचे. ती अमेरिकेहून मदत म्हणून जहाजानं यायची. तिला सगळे मिलो म्हणायचे. काय सांगू मित्रांनो, पीठ कसलं ते, नुसती वाळू. थापायला घेतलं की फाटलंच. पंचफुला रडकुंडीला आली. मग एक दिवस तिनं पाणी खळखळ उकळलं, पिठावर ओतलं आणि चटके सोसत मळलं. भाकरी अखंड उतरली. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या आणि मी मधोमध बसून लई भाव खाल्ला.

पुढं लातूरचा नवा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या उघडल्या आणि त्यातल्या एका कचेरीत निवृत्तीला शिपायाची नोकरी लागली. आम्ही गाव सोडून लातूरला आलो. साहेबांच्या दारापाशी बसून त्यानं पोराला शिकवलं. पोराचं नाव सुगत. तो इंजिनीयर झाला, अमेरिकेत कॅन्ससला गेला, तिथंच त्यानं संसार मांडला. लेकराच्या अंगाला लागलेली भाकर माझ्यातच मळलेली होती. मग मी मिरवू नको तर काय करू?

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी रिटायर झालेला निवृत्ती टँकरपुढं घागर घेऊन उभा असताना चक्कर येऊन पडला. सुगत तडक आला. म्हणाला, "आता इथं न्हाई ठेवायचो मी तुम्हाला." कागदपत्रं झाली तशी निघायची तयारी सुरू झाली. पंचफुलानं मला लुगड्यात गुंडाळलं.

"आई, हे लाकूड कशाला? तिथं सगळं मिळतं."

"मिळू दे की. ही माझी हाय."

विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा तिनं दोन साड्या काढून ठेवल्या. मला नाही काढलं.

सुगतची बायको पंचशीला मोठी गुणी. तिनं सासूला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. "आई, जन्मभर राबलात. आता कशाला हात लावायचा नाही." आणि मला तेल लावून, पुसून, बैठकीच्या भिंतीवर टांगलं. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

पण ते काही खरं नव्हतं, मित्रांनो. लाकडाला ओला हात लागला नाही की लाकूड सुकतं. त्या बंद घराच्या कोरड्या हवेत माझ्या काठाला बारीक तडा गेला. खाली सोफ्यावर पंचफुला आपले तळवे बघत बसलेली असायची. दारावरची बेल वाजली की निवृत्ती सवयीनं उठायचा, आणि सुगत म्हणायचा, "बसा बाबा, मी बघतो." सगळं प्रेमानंच चाललेलं. तरी निवृत्तीनं परतीचं बोलायला सुरुवात केली.

"तिथं पुन्हा पडलात तर कोण बघंल?" सुगतचा जीव कासावीस व्हायचा.

"हितं बसून तरी काय करायलोत आम्ही?" निवृत्ती म्हणायचा.

त्यांच्या घरामागं वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं. आपले आईबाबा ज्वारी खातात, असं सुगतनं त्याला सांगितलं होतं. सुगीत त्यानं प्रेमानं एक पिशवी भरून दिली. सुगतनं हौसेनं घरीच दळली आणि उरलेले दाणे बाबांपुढं ठेवले. तांबडे दाणे. निवृत्तीनं चिमटीत घेऊन पाहिले. त्याचा चेहराच उतरला.

"ही मिलो हाय. कुठून आणलीस?"

"मागच्या शेतातली. शेजाऱ्यानं दिली, बाबा."

"म्हणजे पुन्हा खैरात." निवृत्तीनं दाणे परत टाकले. "दुष्काळात हात पसरून घेतली, खाल्ली. पोराच्या घरात न्हाई खायची. तिकीट काढ आमचं."

सुगतला काही कळेना. तो दुष्काळानंतर जन्मलेला, आणि हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तो दाण्यांकडं बघत उभा राहिला.

पंचफुला उठली. तिनं मला भिंतीवरून उतरवलं, नळाखाली धुतलं. तो ओला हात लागला आणि मला बरं वाटलं. "पंचशीला, पाणी उकळाया ठेव," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली.

"हात पसरून घेतली म्हणता? दिसभर खडी कुणी फोडली? माझ्या हाताला फोड आले ते विसरलात? ती आपल्या कष्टाची होती. खैरात म्हणू नका तिला, मला सहन व्हायचं न्हाई."

पंचफुलानं उकळतं पाणी पिठावर ओतलं. ती मळत राहिली, पंचशीला बाजूला उभी राहून शिकत राहिली. तव्यावर भाकरी टम्म फुगली. निवृत्तीनं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला. "जमली," एवढंच म्हणाला, आणि दुसरी मागितली. मग सुगतला जवळ बसवून त्यानं दुष्काळाचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

रविवारी वॉल्टरला जेवायला बोलावलं. बेल वाजली. या वेळी सुगत जागचा हलला नाही. दार निवृत्तीनं उघडलं. वॉल्टर म्हणाला, आमच्यात तीन पिढ्या ही ज्वारी पिकवतात, पण सगळी गुरांना जाते, आम्ही कधी चाखलीसुद्धा नाही. सुगतनं ते बापाला सांगितलं, जरा भीतभीतच. निवृत्ती मोठ्यानं हसला. "त्याला म्हणावं, बस. तू पिकवलीस, आता आम्ही वाढतो." आणि त्यानं स्वतःच्या हातानं त्या माणसाच्या ताटात भाकरी वाढली, वर ठेचा. अहाहा, त्या घडीला मी पंचफुलाकडं बघितलं. माझ्याहून जास्त तीच मिरवत होती. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी आपल्या आईबाबांना दूरदेशी न्याल. जरूर न्या. त्यांना मऊ सोफा द्या, ऊबदार खोली द्या. पण त्यांच्यापुढं पीठही ठेवा, पाणी ठेवा, आणि जरा बाजूला उभे राहा.