शेवटच्या जोडीचा दीड तास

त्या मॅचमधल्या आपल्या अकरा जनायची नावं मी घेत नाई. पहिल्या नऊ जनायवर माहा राग नाई. ते आले तसे गेले, त्यायनं माह्यं काही बिघडवलं नाई. माहा राग आहे तो शेवटच्या दोघायवर. लोक अजून त्यायची वाहवा करतेत. काय टिकले म्हनतेत, काय जिद्द म्हनतेत. माह्यासमोर कोनी असं बोललं का मी उठून चालता होतो, नाई तर हात उचलला जाईन.

आमचा चांदा जिल्हा तवा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. आमचं गाव मूल या मोठ्या गावापासून पाच कोस, चहूकडून जंगल आन मधात धानाच्या बांध्या. मी मुखरू, गावचा कोतवाल. सरकारनं गावाले एक रेडिओ देला होता. शाळेच्या पडवीत लाकडी पेटीत तो कुलूपबंद राहे आन किल्ली माह्या करदोड्याले. गावात वीज नोती. रेडिओ चाले तो मोटारीच्या बॅटरीसारख्या एका जड बॅटरीवर. ती उतरली का बैलबंडीत धानाचं तनस घालून मूलले न्यायची, मन्सूरभाईच्या सायकल दुकानात दोन दिवस भरायले ठेवायची, मंग वापस आनायची. गावाले वाटे रेडिओ सरकारचा आहे. सरकारचा काह्याचा, तो माह्या पाठीचा होता.

माहा धाकटा भाऊ पोचू दंडारीत, आमच्याकडच्या नाचगान्याच्या खेळात, गाये. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हंजे जत्रा, भरते, तिथी रातभर दंडार चालते, आन पोचूचा आवाज चढला का झोपलेले लोक उठून बसत. त्या साली मंडईत नागपूरच्या आकाशवानीचा एक साहेब आला होता. त्यानं पोचूले आयकलं आन महिन्याभरानं पत्र आलं. अमक्या तारखेले, संध्याकाळी साडेसहा वाजता, पंधरा मिनिटं गायचं. तिकडं तोंडातून निघालं का इकडं पेटीतून आयकू येनार, आन एकदाच.

आमच्या मायचं नाव शकुबाई. बाप लवकर गेला. तिनं लोकायचं धान कांडून आमाले दोघायले वाढवलं. तिच्या तळहाताले मुसळाचे घट्टे होते, ते शेवटपर्यंत गेले नाईत. पोचू नागपूरले निघाला तवा तिच्या पाया पडला आन म्हनला, "माय, बाकी आयकलं नाई तरी चालन, पन शेवटची ओळ ध्यान देऊन आयकजो."

"काऊन रे?" मायनं इचारलं.

"आयकशील तवा समजन," म्हनला आन हासत निघून गेला.

तवापासून माय रोज मले एकच गोष्ट इचारे. "मुखरू, बॅटरी आहे ना रे?" मी म्हनो, आहे माय, भरून आनली आहे, तू काऊन जीव टांगनीले लावतं? आन ते खरंही होतं. मी सोता बंडी जुंपून बॅटरी भरून आनली होती. मन्सूरभाईनं बजावलं होतं का प्लेटा जुन्या झाल्या, पंधरा तासाच्या वर एक मिनिट धरू नका.

मधात ही मॅच आली.

आमच्या शाळेवर गुनवंतराव मास्तर होते, वरोऱ्याचे. नागपूरले कॉलेजात असताना किरकेट खेळत. त्यायनं गावाले हा रोग लावला. तोवर आमाले धान आन दंडार एवढंच माईत होतं. मॅच आपल्याच देशात, आपल्याच मैदानावर, पाहुने बाहेरदेशचे. रेडिओवरचं बोलनं समदं इंग्रजीत. पेटीत साहेब बोले, मास्तर आमाले मराठीत सांगत, आन आमी पन्नास जन पडवीत उकिडवे बसून मास्तरच्या तोंडाकडं पाहो. मानूस आपन हाओ का मास्तरचे पोपट, हे मले तवा समजलं नाई.

दुसऱ्या दिवशी आपले दोघं जमून खेळत होते. मी बॅटरी वाचवावं म्हनून घंटाभर रेडिओ बंद केला. परत लावला त दोघंही गेलेले. मास्तर माह्याकडं पाहून म्हनले, "कोतवाल, तुमी तिकडं बटन फिरवलं आन तिकडं दांड्या उडाल्या."

मास्तर हासत म्हनले. गाव हासलं नाई. आमच्याकडं खळ्यावर धानाची रास मोजतात तवा बसलेला मानूस जागचा उठत नाई आन मोजनारा हात थांबवत नाई. मधात कोनी उठलं त रास घटते, असं आमी बापजाद्यापासून मानतो. लोकायनं तोच नेम रेडिओले लावला. आपले खेळून राह्यले तोवर कोनी उठायचं नाई आन बटनाले हात लावायचा नाई. हे पुन्या-मुंबईत कोनी आयकलं त हासन. पन मीही मानलं. मी तर सगळ्यात जास्त मानलं, कारन बटन फिरवनारा हात माहा होता.

चौथा दिवस उजाडला, तोच पोचूच्या गान्याचा दिवस. माह्या अंदाजानं बॅटरीत चार तास राह्यले होते. मी सगळ्यायले सांगून ठेवलं, बारा ते दोन मॅच, मंग पेटीले कुलूप, बाकीचं पोचूले. सगळे हो म्हनले. मास्तरही हो म्हनले.

बारा वाजता लावला आन पाहता पाहता पडझड सुरू झाली. मास्तरले मराठी करायले वेळ भेटेना. एकाचं सांगून होत नाई तोवर दुसरा गेला. एक जन पहिल्याच चेंडूवर, एक जन धावता धावता मधातच, एक जन म्हने मागं सरून गेला. अशी लाज मी कधी पाह्यली नोती. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. यायले खाऊपिऊ घालून मैदानावर कोन धाडते, यायच्यापेक्षा आमच्या गावचे बैलं बरे, असं मी मोठ्यानं बोललो आन पडवी हो हो म्हनली. दोन वाजले तवा नऊ गेले होते.

आता शेवटची जोडी. त्यायले बॅट धरता येत नाई, मास्तरनंच सांगितलं. एक चेंडू, दोन चेंडू, मंग खेळ खलास. मी किल्ली हातात घेऊन उभा झालो.

"बसा खाली," मास्तर म्हनले. "शेवटचा तर पडू द्या."

मी बसलो. तो पडला नाई. दुसराही पडला नाई. एक मारे, दुसरा अडवे. पडवीत लोक गुडघ्यावर आले. अडीच वाजले. जीत तर जाऊच द्या, हार सुद्धा टळनार नोती, मास्तरनं कबूल केलं, पन आता कोनाले हारजीत दिसत नोती. दोघं टिकले एवढंच दिसत होतं. मले तर असं वाटत होतं का मीच तिथी बॅट घेऊन उभा आहो.

तेवढ्यात माय आली. पडवीच्या खाली उन्हात उभी राह्यली आन हळूच म्हनली, "मुखरू, बंद कर ना रे बापा. माह्या पोचूसाठी ठेव."

मी पन्नास लोकायसमोर तिच्या अंगावर खेकसलो. "माय, तुले काय समजते यातलं? घरी जा आन चूप बस."

ती गेली. मी पुन्हा पेटीकडं तोंड केलं. हे मी सांगून राह्यलो, कारन लोक आपल्या गोष्टीत हे सांगत नाईत.

साडेतीन वाजता त्या दोघायपैकी एक गेला. दीड तास. आपन हारलोच होतो, तसेच हारलो. पडवीत लोकायनं टाळ्या वाजवल्या आन मीही वाजवल्या. मंग कुलूप लावलं. म्हनलं, अर्धा घंटा उरला आहे, पोचूले पंधरा मिनिटं लागतेत, उरून पुरते.

संध्याकाळी माय आंघोळ करून आली. आत्याच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती. हातात नारळ होता. तिनं पेटीले कुंकू लावलं आन अगदी पुढं बसली, कान पेटीजवळ नेऊन. मागं सगळं गाव. मी बटन फिरवलं. आधी खरखर, मंग एक बाई मराठीत बोलली. आमच्या गावाचं नाव घेतलं. पोचूचं नाव घेतलं. ढोलकीवर एक थाप पडली, दुसरी थाप अर्धीच आयकू आली, आन आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा झाला. मंग काहीच नाई.

मी तारा ओढल्या, पुन्हा लावल्या. बॅटरी हलवली. पेटीवर बुक्क्या मारल्या. मास्तर म्हनले, पेटी फुटन. मी त्यायची गचांडी धरली. चार जनायनं सोडवलं नसतं त त्या दिवशी शाळा बिनमास्तरची झाली असती. या सगळ्यात माय हालली नाई. कान तसाच पेटीले लावून बसली होती. घड्याळात पावनेसात वाजले तवा उठली, लुगडं झटकलं आन म्हनली, "झालं असन आता त्याचं."

तिसऱ्या दिवशी पोचू आला. मूलपासून पाच कोस पायी, पन चेहरा असा का जसा मोटारीनं आला. दारातच इचारलं, "माय, आयकलं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं, त्यानं मले जोड्यानं मारावं, असंच मनात होतं. मायनं माह्याकडं पाह्यलं नाई. म्हनली, "आयकलं ना बेटा. चांगलं गायला."

"शेवटची ओळ?"

"तीही आयकली."

पोचू खाली बसला आन रडला. दंडारीचा नेम असा का गान्याच्या शेवटच्या ओळीत गुरूचं नाव घेतात. त्यानं तिथी गुरूच्या जागी मायचं नाव घातलं होतं. शकुबाई कांडपीन, असं. सोता ओळ बांधली होती. म्हनला, गावात असं गायलो तर गुरू मंडळीतून काढन, म्हनून तिथी गायलो, एकदाच, आता पुन्हा नाई गात. माय त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राह्यली. मी आंगनात निघून गेलो आन बंडीच्या चाकाले लाथ मारली. पायाचं नख गेलं.

लोकायले मी धमकी देली का पोचूजवळ कोनी बोललं त याद राखा. कोनी बोललं नाई. माय कोनासाठी खोटं बोलली ते मले समजत होतं. दोन भावायत वाकडं येऊ नये म्हनून बोलली. माहा राग तिच्यावरही होता. मनात म्हनो, मी तुले सगळ्यासमोर चूप बस म्हनलं, तू मले एक शिवी तरी देली असती.

चार वर्सांनी माय आजारी पडली. भर दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो, पोचू बांधीत गेला होता. तिनं डोळे उघडले आन म्हनली, "मुखरू, त्यानं कसं घेतलं असन रे माह्यं नाव? वर चढवून का खाली उतरवून?"

"पोचूलेच इचार ना माय. आता येईन तो."

"त्याले कसं इचारू?" ती म्हनली. "मी आयकलं म्हनून बसली आहो. तू सांग."

मले गाता येत नाई. ती ओळ मले आजही माईत नाई. मी सांगितलं, "वर चढवून, माय."

"हां," ती म्हनली, आन कान माह्या तोंडाजवळ आनला. "मंग म्हनून दाखव."