दोन हातांची खुंटी

प्रकल्प संपला की प्रत्येकाने ‘मी काय शिकलो’ याचा विचार करायचा, असा त्या शाळेचा दंडक होता. टाचणीने केला. इतिहासात ती शिकली की किल्ल्यांवर दगड फेकायला लाकडी यंत्रं असत. विज्ञानात, पिळलेल्या दोरात केवढा जोर दडून बसतो. गणितात, दांडा किती लांब असला की गोळा किती दूर जातो. पण माणसाच्या बोटांची हाडं मोडताना सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज होतो, हे कोणत्या विषयात बसवायचं ते तिला काही कळेना.

गट चौघांचा. टाचणी, अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार. तिचा मावसभाऊ ठोकळा, सुताराचा मुलगा. गुपचूप, जो दिवसाला एखादं वाक्य बोलला तर बोलला. आणि कॅप्टन. त्याला कॅप्टन कुणी केलं होतं म्हणता? त्यानेच.

यंत्र साधंच होतं. चौकटीत पिळलेला दोर, दोरात अडकवलेला दांडा. दांडा मागे ओढून खाली खुंटीने अडकवायचा. खुंटी काढली की दांडा उसळून वरच्या आडव्या फळीवर आदळायचा आणि मातीचा गोळा पुठ्ठ्याच्या किल्ल्याकडे सुटायचा. खुंटी ठोकळ्याने केली होती. वडिलांच्या कारखान्यात एका कामगाराचा अंगठा गेलेला त्याने पाहिला होता, तेव्हापासून तो असल्या बाबतीत भलताच जपून असे. खुंटीला त्याने खाच ठेवली. एका हाताने दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने खुंटी फिरवून ओढायची. एका हाताचं ते कामच नव्हतं.

पहिल्या चाचणीत गोळा किल्ल्याच्या अलीकडेच फसकन पडला. सगळ्या वर्गासमोर गुपचूपने त्या दिवसाचं वाक्य खर्च केलं, “कॅप्टन, तुझं गणित चुकलंय.” वर्ग हसला. कॅप्टनही हसला. मधल्या सुट्टीत ठोकळा लाकूड चिकटवायचा सरस आणायला गेला, तेव्हा कॅप्टनने गुपचूपला आडव्या फळीला चिंध्या बांधायला सांगितलं. तो बोटं फळीवर ठेवून गाठ मारत होता. यंत्र ताणलेलंच होतं. कॅप्टनने एका हाताने दांडा दाबला, दुसऱ्याने खुंटी फिरवली आणि ओढली. हे टाचणीने डोळ्यांनी पाहिलं.

किंकाळी ऐकून ठोकळा धावत आला. त्याने फळीवरचं रक्त पाहिलं, कॅप्टनच्या हातातली खुंटी पाहिली आणि पुढचं काही विचारलं नाही. पहिल्या ठोशात नाक फुटलं, दुसऱ्यात दात हलला, मग तो छातीवर बसून त्याचं डोकं फरशीवर आपटू लागला. हस्तकलेचे सर दारात आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच. कॅप्टन रक्त थुंकत म्हणाला, खुंटी ढिली होती, आपोआप निसटली, तसं बोललो म्हणून याने मारलं.

झालं. खुंटी ठोकळ्याची, मारणाराही ठोकळा. सादरीकरण झालं की त्याचं नाव शाळेतून काढायचं, असं ठरलं. टाचणी सरांना सांगायला गेली, तर ते म्हणाले की मावसभावाची बाजू तू घेणारच. परतताना जिन्यात कॅप्टनने तिचं मनगट पिरगळलं. “लिहायला उजवाच हात लागतो ना तुला?” त्याने अगदी प्रेमाने विचारलं. गुपचूपलाही त्याने उरलेल्या हाताबद्दल असंच काहीसं विचारलं असणार. घरी आईने दोनदा हटकलं, अगं, मिठाची गुळणी धरलीस का तोंडात? टाचणी मान खाली घालून जेवली. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीची भयंकर चीड येत होती.

सादरीकरणाची त्या शाळेची एक तऱ्हा होती. स्वतःचं कौतुक स्वतः करायचं नाही. गटातल्या नावांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, आणि ज्याची चिठ्ठी येईल त्याच्या हातांनी काय काय केलं ते सांगायचं. टाचणी बोलायला सगळ्यांत तयार. गुण हवेत म्हणून कॅप्टनने चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि स्वतःचं नाव तिच्या हातात पडेल अशी सोय केली. ती घाबरलेली आहे, गोडच बोलेल, असा त्याचा हिशेब. गणित त्याचं मुळातच कच्चं होतं.

सभागृह भरलेलं. सरांनी यंत्र ताणून मधोमध ठेवलेलं. ठोकळा कोपऱ्यात, वडिलांशेजारी मान खाली घालून बसला होता.

“कॅप्टनच्या हातांनी दांडा दाबला,” टाचणी म्हणाली, “खुंटी फिरवली आणि ओढली. गुपचूपची बोटं फळीवर होती तेव्हा.”

कुजबुज सुरू झाली. कॅप्टन ओरडला, खोटं बोलते, खुंटी ढिली आहे. टाचणीने आपला उजवा हात फळीवर ठेवला.

“ढिली आहे ना? मग मार लाथ.”

सर मागून ओरडत निघाले, पण खुर्च्यांतून वाट काढेपर्यंत कॅप्टनने लाथ मारली होती. चौकट हादरली. खुंटी जागच्या जागी. टाचणीने हात हलवला नाही. दुसरी लाथ, तिसरी. खुंटी ढिम्म. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि कॅप्टनचं डोकं फिरलं. त्याने एका हाताने दांडा दाबला, दुसऱ्याने खुंटी फिरवली. सगळ्या सभागृहासमोर.

तेवढ्यात प्लॅस्टरचा एक हात तिच्या छातीवर धाडकन बसला. ती मागे कोलमडली. दांडा रिकाम्या फळीवर असा आदळला की फळी उभी चिरली, आणि ढलपी उडून कॅप्टनच्या गालात घुसली. तो खुंटी हातात धरून किंचाळत राहिला. ठोकळा कोपऱ्यातून उठला, मुठी वळल्या, पण वडिलांनी खांद्यावर हात ठेवताच खाली बसला. बसल्या बसल्या तो हमसून रडायला लागला.

गुपचूप यंत्राशी उभा होता. त्याच्या डाव्या हातात अजून चुरगळलेली चिठ्ठी होती. ती त्याने उघडली आणि सरांना दाखवली. ठोकळ्याचं नाव होतं.

“याच्या हातांनी खुंटी केली,” गुपचूप म्हणाला. “ती कधीच आपोआप निसटली नाही.”

मग तो आणखी एक वाक्य बोलला, एका दिवसात तिसरं. “त्याला काढू नका.”