चार जागी ओरखडे

चंद्रप्रकाशने बासष्ट सालची जावा मोटरसायकल विकत घेतली तेव्हा ती नुसती जुनी होती. पुढच्या दोन वर्षांत त्याने आणि दहिसरच्या नानाने मिळून तिची पार वाट लावली. या प्रकाराला ते दोघं मॉडिफिकेशन म्हणत. मडगार्ड कापले, सायलेन्सरच्या आतला भाग उपसून काढला आणि हँडल इतकं खाली घेतलं की चालवणारा रस्त्यावर पडलेलं काहीतरी शोधतोय असं वाटावं.

नाना एका बँकेत कारकून होता, पण रेसिंगचा माणूस म्हणून त्याची ख्याती होती. रेस त्याने नेमकी कुठे मारली, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत त्याच्याच सांगण्यावरून सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून रुंद करून, त्यात मोठा पिस्टन बसवला. "एकदम टाइट ठेवलाय," नाना म्हणाला. "जेवढं टाइट, तेवढी पॉवर!"

ती पॉवर चंद्रप्रकाशच्या बायकोने, नलिनीने, मागच्या सीटवर बसून अनुभवली. रविवारी वर्सोव्याला बहिणीकडे जायचं होतं. चार बंगल्याच्या पुढे सरळ रस्ता लागला, चंद्रप्रकाशने गाडी ताणली, आणि इंजिनातून 'कीं' असा आवाज येऊन मागचं चाक जागच्या जागी आवळलं. गाडी फरफटत गेली. त्याने क्लच दाबला म्हणून दोघं वाचली. मग त्याने किक मारली, तर किक खाली जाईना. दोन्ही पायांनी उभा राहिला, तरी नाही.

समोरून टोपली घेऊन येणारी एक कोळीण थांबली. "बाय, तू वर बस. त्याला ढकलू दे," म्हणाली आणि निघून गेली.

गाडी टेम्पोत घालून मरोळला घरी आणली. चाळीत तज्ज्ञांना तोटा नव्हता. एक म्हणाला गिअर अडकला, दुसरा म्हणाला चेन. तिसऱ्याने तर बॅटरीचं पाणी बघितलं.

"पिस्टन धरलाय. सिलिंडरमध्ये जाम झालाय," नलिनी म्हणाली.

"वैनी, तुमी चाय ठेवा," नाना म्हणाला.

नलिनीने चहा ठेवला. ती मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात आठ वर्षं इन्स्पेक्शनला होती. दिवसभर लोखंडाचे तुकडे मायक्रोमीटरने मोजायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवायचा, हे तिचं काम. टर्नर लोक तिला टरकून असत. घरी मात्र तिचं माप फक्त साखरेपुरतं चाले.

नानाने हेड खोललं, लाकडी ठोकळा लावून ठोकठोक केली, तेव्हा कुठे सिलिंडर सुटला. पिस्टनच धरला होता. "मी काय म्हटलं होतं!" नाना म्हणाला. त्याने काहीच म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता कारण ऐक, चंदू. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल कमी पडलं."

"ऑइल मी माझ्यासमोर मोजून घेतलेलं रे," चंद्रप्रकाश कसनुसा म्हणाला.

"मग तुझं माप चुकलं."

नलिनीने पिस्टन उचलून उजेडात धरला. ओरखडे एका बाजूला नव्हते. चार जागी होते, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. "ऑइल कमी असतं तर धूर बाहेर पडतो त्या बाजूला आधी घासला असता. हा चहूबाजूंनी आवळलाय. तापून फुगला आणि फुगायला जागाच नव्हती."

"वैनी, बोअर मी हाताने बघितलाय." नानाने आपलं बोट वर केलं. "हे बोट खोटं बोलत नाय."

चंद्रप्रकाशने बोटाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तो बोटाच्या बाजूने गेला. "नलू, कारखान्यातलं वेगळं आणि इंजिन वेगळं गं."

सोमवारी नलिनी सिलिंडर-पिस्टन पिशवीत घालून कामावर घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरला विचारून तिने तीन ठिकाणी मोजलं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात साधारण केसाएवढी फट हवी होती. नानाच्या बोटाने केसाचा पाव हिस्सा ठेवला होता. तिने आकडे चिठ्ठीवर लिहिले. होनिंग मशीनवरच्या खंडूने त्या आकड्यांवर सिलिंडर घासून दिला आणि पिस्टनचे ओरखडे साफ केले.

संध्याकाळी तिने चिठ्ठी नवऱ्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. "बरोबर आहे गं," तो हळूच म्हणाला, भिंतीला ऐकू जाऊ नये इतपत.

पुढच्या रविवारी नानाने इंजिन जोडलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. घाटकोपरपर्यंत जाऊन आली, गरम झाली, तरी धरली नाही. अंगणात टाळ्या पडल्या.

"थोडा लूज केला मी," नानाने जाहीर केलं. "अंदाज लागतो हाताला."

"नानाचा हात म्हणजे झकास!" असं म्हणताना चंद्रप्रकाशने बायकोची नजर टाळली.

नलिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओट्यावरून उठली. "अहो, चिठ्ठी तुमच्या खिशात आहे. वाचा मोठ्याने."

चंद्रप्रकाशचे कान लाल झाले. त्याने खिसा चाचपला, चिठ्ठी काढली आणि शाळेतल्या पोरासारखा एकेक आकडा वाचत गेला. शेवटी तिची सही होती, तीही त्याने वाचली.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच की," नाना म्हणाला. या वेळी कोणीच मान हलवली नाही.

पंधरा दिवसांनी नानाची बायको शेवंती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन दारात आली. नानाच्या स्वतःच्या गाडीचा सिलिंडर होता. "हे म्हणाले, वैनींना सहज दाखव. माझं नाव नको सांगू म्हणाले."

नलिनीने पुडकं न उघडता तिच्या हातात परत दिलं. "त्यांना म्हणावं, स्वतः या. आणि चार लोकांसमोर विचारा."

नाना त्यानंतर तिसऱ्या रविवारी आला. अंगण भरेपर्यंत नलिनीने त्याला ओट्यावर बसवून ठेवलं, आणि तेवढ्या वेळात चहा चंद्रप्रकाशने केला.