असू दे कोपरा

मोठ्या बाईंच्या शाळेत दोन खोल्या, एक ओटा, एक जुनं झाड आणि बाकी सगळं मोकळं आवार. घंटा नव्हती. झाडाच्या फांदीला फावडं टांगलेलं होतं. त्यावर दगड आपटला की मुलं जमत, आणि खरं सांगायचं तर नाही आपटला तरी जमत. बेरीज-वजाबाकी बियांवर चाले. गोगलगाय फुटपट्टीवर सोडून मुलं तिचा वेग काढत आणि गणित चुकलं की गोगलगायीला दोष देत. बाईंनी मोठ्या नावाजलेल्या शाळेतली नोकरी सोडून हा उद्योग मांडला, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आता तेच लोक नातवंडांचं बोट धरून फाटकाशी उभे राहत.

एकच नातवंड आलं नव्हतं, ते बाईंचं स्वतःचं.

सहा वर्षांच्या खारूला सुनेनं शहरातल्या टापटीप शाळेत घातलं होतं. सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. दिवसभर जंतू बघणाऱ्या माणसाला माती दिसली की तिच्यात काय काय असेल तेच आधी दिसतं, त्यात तिचा काही दोष नव्हता. बाईंचा मुलगा या वादात पडत नसे. आई आणि बायको यांच्या मधे उभं राहण्यापेक्षा दुपारची पाळी बरी, असं त्याचं मत होतं.

पण हल्ली खारूच्या पोटात दुखू लागलं होतं. रोज सकाळी, गणवेश चढवला की सुरू. डॉक्टरांना पोटात काही सापडेना. रविवारी मात्र पोट अगदी शहाण्यासारखं वागायचं. शेवटी सुनेचा फोन आला.

"आई, शनिवारी हिला घेऊन तुमची शाळा बघायला येते. पण आधीच सांगून ठेवते, तुमचं ते मागचं जंगल आहे ना, ते असेपर्यंत मी हिला तिथे सोडायची नाही. उद्या काही चावलं-बिवलं तर कोण बघणार?"

"ये तर खरी," बाई म्हणाल्या. आनंदाने त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

मागचं जंगल म्हणजे 'असू दे कोपरा'. मुलांनीच सभेत ठराव करून तो राखला होता. तिथे कुणी काही पेरायचं नाही, उपटायचं नाही, झाडायचंसुद्धा नाही. जे उगवेल ते असू दे. यंदा तिथे एक झुडूप माजलं होतं. पान तोडलं की पांढरा चीक गळायचा, म्हणून मुलं त्याला दूधझाड म्हणत. त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या होत्या आणि मुलं रोज त्यांची लांबी मोजून भिंतीवर कोळशाने रेघा मारत होती. पाहुणे आले की बाई याच कोपऱ्यासमोर उभ्या राहून भाषण देत. निसर्गात हात घालू नये, मुलांच्या कामात तर मुळीच घालू नये, वगैरे वगैरे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शुक्रवारी मुलं घरी गेल्यावर बाईंनी विळा घेतला आणि कोपरा साफ केला. अळ्यांचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. एव्हाना सगळ्या कोषात गेल्या असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चष्मा मुद्दामच ओट्यावर ठेवला होता. सगळं कापलेलं कुंपणापाशी ढीग करून टाकलं, हात धुतले, आणि शनिवारची वाट बघत त्या घरी गेल्या.

शनिवारी सून आली ती इस्त्रीच्या फिकट कपड्यांत. तिने नळ बघितले, संडास बघितले, पिण्याच्या पाण्याचं झाकण उचलून आत डोकावली. मागे जाऊन मोकळ्या झालेल्या कोपऱ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

"छान ठेवलंय की, आई. मला वाटलं होतं तसं काही नाही."

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खारू आजीचा पदर धरून सगळीकडे टकामका बघत होती. आता नुसतं 'हो' म्हणायचं बाकी होतं, आणि तेवढ्यात फावड्यावर दगड पडू लागला. एकदा नाही, दोनदा नाही, थांबेचना.

सभा भरली. या शाळेतली सभा म्हणजे पोरखेळ नव्हता. सगळे जमिनीवर बसत आणि ज्याचं चुकलं असेल तो मधे उलट्या बादलीवर. त्याला कुणी रागवायचं नाही, फक्त विचारायचं, आणि बिघडलेलं दुरुस्त कसं करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. त्या बादलीवर शाळेतलं प्रत्येक मूल कधी ना कधी बसलं होतं. चिडून पाटी फोडल्याबद्दल शाळेच्या दुसऱ्या शिक्षिका, धाकट्या बाईसुद्धा बसल्या होत्या. मोठ्या बाई तेवढ्या कधी बसल्या नव्हत्या. त्यांच्या चुका होत नव्हत्या असं नव्हे, सापडत नव्हत्या.

"असू दे कोपरा कुणीतरी कापलाय," या आठवड्याची सभापती म्हणाली. ती नऊ वर्षांची होती आणि तिचा चष्मा सारखा नाकावर घसरायचा. "काल विळे पुसून ठेवायचं काम कुणाकडे होतं?"

सगळ्या माना पैलवानाकडे वळल्या. पैलवान अंगाने दांडगा, खोड्यांत पुढे आणि रडण्यात त्याहून पुढे.

"मी नाही कापलं! शप्पथ! मी नुसते पुसले आणि ठेवले!"

"मागच्या वेळीपण तू असंच म्हणाला होतास," कुणीतरी म्हणालं. पैलवानाचे ओठ थरथरू लागले. चुकलेलं नसतानाही तो बिचारा सवयीने बादलीकडे निघाला.

बाई ओट्यावर सुनेशेजारी उभ्या होत्या. "सोमवारी बघू गं," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सून खूश होऊन गेली असती, सोमवारी खारू आली असती, आणि बाई नंतर पैलवानाची एकांतात समजूत घालू शकल्या असत्या. आणि आत्ता बोलल्या तर? जिच्यासाठी हे सगळं केलं तिच्याच देखत शाळेच्या मोठ्या बाई बादलीवर. असल्या शाळेत कोण आपली मुलगी घालील? बाईंना दोन्ही बाजू लख्ख दिसत होत्या. आणि पैलवान बादलीवर टेकत होता.

"ऊठ रे बाळा," बाई म्हणाल्या. "ती जागा माझी आहे."

त्या ओटा उतरल्या आणि बादलीवर बसल्या. बादली त्यांना वाटली होती त्यापेक्षा फारच बुटकी होती.

सभापतीने चष्मा वर सरकवला. ती घाबरली होती, पण काम काम असतं.

"बाई, कापायच्या आधी अळ्या बघितल्यात का?"

"नाही."

"का नाही बघितल्या?"

"दिसल्या असत्या तर कापता आलं नसतं. म्हणून."

"मग कापलंच कशाला?" पैलवानाने नाक पुसत विचारलं. आता त्याला चांगलाच जोर आला होता.

"पाहुणे येणार होते. त्यांना आपलं गबाळं दिसू नये असं वाटलं."

"कोण पाहुणे?"

सांगायची गरजच नव्हती. आवारात पाहुणी एकच होती. सगळी मुलं वळून ओट्याकडे बघू लागली आणि सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्यांनी नाही कापलं," सून एकदम म्हणाली. "म्हणजे, कापलं त्यांनीच, पण मी..."

"काकू, बोलायचं असेल तर खाली बसून बोलायचं," सभापती म्हणाली.

सुनेनं जमिनीकडे बघितलं, आपल्या कपड्यांकडे बघितलं आणि बसली. "मी फोनवर म्हणाले होते की हा कोपरा असेपर्यंत माझ्या मुलीला इथे पाठवणार नाही. अळ्यांचं मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं."

मुलांनी आपसांत कुजबुज केली. मग कुणीतरी आतून दुसरी बादली आणून सुनेपुढे उलटी टाकली. सासू आणि सून शेजारीशेजारी बसल्या. धाकट्या बाईंनी तोंडात पदर कोंबला.

निकाल लवकर लागला. दोघींनी ढिगातल्या जिवंत अळ्या शोधायच्या, खोक्यात ठेवायच्या आणि त्या कोषात जाईपर्यंत रोज सकाळी कुंपणाबाहेरच्या दूधझाडाची ताजी पानं आणून द्यायची. शनिवारचे उरलेले तास सगळे मिळून ढिगापाशीच गेले. पहिल्या तीन अळ्या मेलेल्या निघाल्या, एक तर विळ्याने दोन तुकडे झालेली. बाईंनी ती तळहातावर घेतली आणि त्यांना खरंच रडू आलं. मग सुनेच्या नजरेने काम केलं. सुकलेल्या पानाखाली निपचित पडलेली एक अळी तिने अलगद उचलली, उजेडात धरली. "थांबा, ही मेलेली नाही. कात टाकतेय ही." खारू आणि पैलवान पोटावर पालथे पडून शोधत होते. मग एकामागून एक सापडू लागल्या. प्रत्येक अळीला मुलं ओरडत आणि सून सगळ्यांत मोठ्याने ओरडे. तिच्या गुडघ्यांवर हिरवे-काळे डाग पडले होते आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

निघताना फाटकापाशी खारूने विचारलं, "आई, आमच्या शाळेत मोठ्या बाई चुकल्या तर कुणाला सांगायचं?"

मुलीशी खोटं बोलायची सुनेला सवय नव्हती.

"कुणालाच नाही, बाळा."

"मग?"

सून सासूकडे वळली. "आई, अळ्या सकाळी किती वाजता खातात?"

"त्यांना काही वेळकाळ नसतो गं. सारख्या खातच असतात."

"मग उद्याचं तुम्ही बघा, सोमवारी आठला मी पानं घेऊन येते. हिचं दप्तरपण आणते." पुढे ती म्हणाली, "आणि एक सांगू? आता माझ्यासाठी काही आवरायचं-कापायचं नाही. मला नाही आवडलं तर मी सांगेन. तुम्हाला नाही पटलं तर तुम्ही सांगा."

सून घरी यायची असली की बाई आदल्या दिवसापासून घर झाडत. आणि त्या सुनेकडे गेल्या की तिकडेही सगळं असंच लखलखीत असे. इतकी वर्षं दोघी एकमेकींसाठी नुसतं आवरत आल्या होत्या.

"बरं," बाई म्हणाल्या. "तर मग तू केलेला चहा मला कधीच आवडला नाही."

सून हसत सुटली. "तुमचापण मला नाही," ती म्हणाली, आणि दोघी फाटक धरून इतक्या हसल्या की खारूला काही कळेना.